तिसऱ्या रांगेला आग्रह नको

"सर, माझं नाव काय?"

माझा धाकटा भाऊ दानियल भर चाचणीत उठून उभा राहिला होता आणि हे विचारत होता. शमुवेल मास्तर खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत होते. मास्तरांचं काम तपासायला मुंबईच्या विद्यापीठातून आलेले मोठे प्रोफेसर शेजारी खुर्चीत बसलेले. मी त्यांचा चहा घेऊन दारात.

"नाव घ्या, मी खाली बसतो. न्हाई घेतलं तर हा निघालो भरतीला. पलटणीत सकाळी हजेरीला नाव तरी घेत्यात."

मास्तर बोलले तर त्यांचं वर्षभराचं काम पाण्यात, न बोलले तर माझा भाऊ लढाईवर. कपावर साय धरायला लागली.

हे मास्तर कोण, ते आधी सांगते.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या त्या दिवसांत नगरला शिक्षक तयार करणारं एक कॉलेज होतं. त्याच्या वसतिगृहात मी भाकऱ्या थापायला होते. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे मास्तरांचा विषय मला सगळा कळला असं मी म्हणत नाही. ते त्याला मानसशास्त्र म्हणायचे. माणूस शिकायला लागतो तो का, आणि मधेच सोडतो तो का, हे शोधून त्यांना विद्यापीठाची मोठी पदवी घ्यायची होती. वय पंचेचाळिशीचं, लग्न केलेलं नाही. एक कोट, एक छत्री. छत्री भर उन्हातही मिटलेली. विचारलं तर म्हणायचे, "उघडण्याची इच्छा व्हायची वाट बघतोय."

समोर दिसेल त्याला त्यांचा एकच प्रश्न, "इच्छा की सवय?"

मी विहिरीवर पाणी शेंदत असले की येऊन उभे. "राहेलबाई, ही इच्छा की सवय?"

"हंडा रिकामा हाय, मास्तर. सरा बाजूला."

यावर ते खूश. गरज हा तिसरा प्रकार सापडला म्हणून दोन दिवस आनंदात होते. एकदा त्यांनी आमच्या ख्रिस्ती देवळाच्या पायऱ्यांवर पाळकसाहेबांना गाठलं आणि विचारलं, "आजची प्रार्थना इच्छा की सवय?" पाळकसाहेब महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. टांग्यात बसले की टांगेवाल्याला सांगायचे, "चाबूक ठेवा, घोड्याला स्वतःहून वाटू द्या." घोड्याला काही वाटलं नाही. टांगा माळीवाड्यात उभा तो उभाच. शेवटी टांगेवाला म्हणाला, "साहेब, घोडं शिकल्यालं न्हाई माझं. तुमी आपले चालत जा." मास्तर चालत गेले, पण वाटेत घोड्याच्या बाजूनेच बोलत होते.

त्या वर्षी त्यांनी वर्गाच्या तीन रांगा केल्या. चिठ्ठ्या टाकून, म्हणजे वशिल्याचं नाव नको. पहिल्या रांगेने काही केलं की शाबासकी. दुसरीने काही केलं की खरडपट्टी. तिसरीला काहीच नाही. बरं म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, हाक मारायची नाही. हजेरीसुद्धा नुसती नजर टाकून मांडायची. मुलांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. मलाही नव्हतं. मला एवढंच सांगितलं, "जेवायला याच रांगा बसतील. पोटभर वाढा, पण तिसऱ्या रांगेला आग्रह नको." मला वाटलं, रेशनमुळे असेल.

आमच्याकडे पंगतीत नुसतं वाढून भागत नाही. घे म्हणावं लागतं, तो नको म्हणतो, पुन्हा घे म्हणावं लागतं, मग तो घेतो. तिसऱ्या रांगेत पोरं नको म्हणायची आणि मी पुढे जायचे. ती हात आखडून बसून राहायची, आणि भाकरी माझ्या टोपलीत.

दिवाळीपर्यंत पहिली रांग ताठ झाली. दुसरी शिव्या खाऊन गुटगुटीत झाली, कुणाला जास्त शिव्या बसल्या ते मोजायला लागली. तिसऱ्या रांगेतल्या श्रीगोंद्याच्या बाबूने मुद्दाम आमटी सांडली आणि पंगतीवर नजर टाकायला आलेल्या मास्तरांकडे बघत बसला. मास्तर आमटीवरून पाय उचलून निघून गेले. बाबू मला म्हणाला, "आक्का, तुमी तरी दोन शिव्या द्या."

दानियलही त्याच रांगेत होता. तो तिसगावहून आलेला, आमच्या घरातला सातवी पास झालेला पहिला. नाताळनंतर त्याने पुस्तक उघडणं सोडलं. गावचे दोन जोडीदार भरतीला निघाले होते, ते त्याला बोलवत होते. मी मास्तरांना विचारायला गेले तेव्हा त्यांनी मला चिठ्ठ्या, रांगा सगळं सांगितलं.

"त्यात माझा भाऊ हाय, मास्तर."

"म्हणूनच कुणाला बोलू नका. नातं मधे आलं की प्रयोग बिघडतो. चाचणीपर्यंत थांबा."

"आन् तंवर पोरगं बिघडलं तर?"

त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. मी त्याच दुपारी दानियलला सगळं सांगून टाकलं. त्याला पटलं नाही. "आक्का, कुनी मुद्दाम वरीसभर गप बसतं व्हय? त्यांना माझं नावच ठावं नसंल."

म्हणून तो चाचणीच्या दिवशी उभा राहिला.

प्रोफेसर इंग्रजीत काहीतरी म्हणाले, मास्तर हलले नाहीत. दानियलने दौत-टाक उचललं आणि माझ्या अंगावरून दाराबाहेर पाय टाकला.

"दानियल."

मास्तरांचा आवाज फार मोठा नव्हता.

"दानियल, तिसगाव. डावखुरा आहेस, म्हणून बाकाच्या टोकाला बसतोस. पाऊस आला की तुझं लक्ष गावाकडे जातं. बस खाली." मग ते थांबेचनात. "बाबू, श्रीगोंदा. गूळ आणतोस आणि एकटा खातोस, हे बरं नाही. इस्माईल, तुझं अक्षर या कॉलेजात सगळ्यांत चांगलं आहे. पहिल्याच दिवशी सांगायचं होतं." अशी सगळी रांग झाली. कुणाचा बाप वारला, कुणाचा चष्मा फुटला, सगळं त्यांना ठाऊक.

बाबू मोठ्याने रडायला लागला. पहिल्या रांगेला काही समजेना.

"वर्ष फुकट गेलं तुमचं," प्रोफेसर मराठीत म्हणाले.

"गेलं," मास्तर म्हणाले.

मी चहा ठेवला. गार झाला होता, तसाच ठेवला.

त्या दुपारी मास्तर पहिल्यांदाच पंगतीत जेवायला आले आणि तिसऱ्या रांगेच्या टोकाला बसले. एरवी ते खोलीवर ताट न्यायचे. मी भाकरी घेऊन उभी राहिले. "घ्या अजून अर्धी."

"नको."

"हे नको इच्छा की सवय?"

ते वर बघून हसले. मग हसू गेलं. "सवय, राहेलबाई. दुष्काळात आईबाप गेले, अनाथाश्रमात वाढलो. तिथे पोट भरायचं. शेकडो पोरं, वाढणारा पुढे जायचा. घे म्हणायला त्याला वेळ कुठला?"

"मी काय म्हन्ते, घ्या."

"नको."

"घ्या."

त्यांनी ताट पुढे केलं.

पदवी त्यांना मिळाली नाही. पुन्हा प्रयोग मांडा, असं विद्यापीठाने कळवलं होतं, पण पुन्हा तिसरी रांग कुणाला करायची यावर त्यांचं अडलं. त्याच कॉलेजात शिकवत म्हातारे झाले आणि तिथेच वारले. छत्री मिटलेलीच राहिली.

दानियलचे दोन्ही जोडीदार भरतीला गेले. ते परत आले नाहीत. दानियल पुणतांब्याला शाळामास्तर झाला. तो आहे अजून.