जोथमच्या जागी

लोइस पेकला आपल्या पूर्वजाची कबर अखेर सापडली, पण ती निघाली शेजाऱ्याच्या कुरणात. इथेच घोडं पेंड खात होतं. शेजारी वेंडेल टटल याच्याशी ती कित्येक वर्षं फक्त ओरडून बोलत असे. त्याच्या मेंढ्या दगडी कुंपण ओलांडून तिच्या परसातलं लेट्यूस फस्त करत. ती ओरडे, तो टोपी कपाळावर ओढून घेई आणि मेंढ्या चरत राहत.

पण आता प्रश्न जोथम पेकचा होता. अमेरिकेच्या इंग्रज राजाविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात साराटोगाच्या मोहिमेसाठी सक्तीच्या भरतीत गावातून ज्यांची नावं निघाली, त्यांत जोथम होता. तेवढा धागा धरून लोइसनं निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्याच्यामागे घालवली होती. तिला मूलबाळ नव्हतं, भावंडं गेली होती. गणगोत म्हणून काय तो जोथम. शनिवारी त्याच्या कबरीवर सैनिकाचं मानचिन्ह बसणार होतं. त्या युद्धातल्या सैनिकांच्या वंशजांच्या मंडळाच्या अध्यक्षा मिसेस फेअरब्रदर भाषण करणार होत्या, ढोल-बासरीवाले येणार होते आणि तिकोनी टोप्या घातलेले चार पेन्शनर बंदुकांचे बार काढणार होते. फक्त कुरणात शिरायला वेंडेलची परवानगी हवी होती.

शुक्रवारी लोइस ॲपल पाय घेऊन, नाक मुठीत धरून त्याच्या दारात उभी राहिली. वेंडेलनं पायचा वास घेतला, मान हलवून परवानगी दिली आणि कॉफीही ओतली. काम इतकं सहज झाल्यावर तिला हाव सुटली. चुलीजवळच्या खिळ्याला बारूद ठेवायचं जुनं शिंग टांगलेलं होतं. वेंडेल त्याला चष्मा अडकवत असे.

"उद्यापुरतं हे देशील का? कबरीशेजारी शोभेल."

"ने की. पण वर काय कोरलंय ते आधी वाच."

तिनं ते खिडकीशी नेऊन वाचलं. 'ॲसाहेल टटल, जोथम पेकच्या जागी, १७७७.'

लोइसनं ते पुन्हा एकदा वाचलं. नाव निघालेल्याला आपल्याऐवजी दुसरा माणूस पाठवता येत असे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मंडळात येणारे अर्ज तपासताना याच मुद्द्यावर तिनं इतरांचे पूर्वज नापास केले होते. स्वतःच्या पूर्वजाचं तेवढं तपासायचं राहून गेलं होतं.

"जोथमची बायको अवघडलेली होती," वेंडेल म्हणाला. "म्हणून आमचा ॲसाहेल गेला. एक पाय अधू करून आला."

त्या बाळाच्याच वंशात लोइस जन्मली होती.

"आणि तू इतकी वर्षं गप्प?"

"तू मेंढ्यांशिवाय दुसरं काही विचारलंस कुठे?"

घरी येऊन तिनं मिसेस फेअरब्रदरना फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं, की केक झालाय, ढोलवाले ठरलेत, तेव्हा शनिवारपुरता जोथमच लढला असं धरून चालू. लोइसला मोह झाला. जोथम गेला तर तिच्यापाशी उरणार काय होतं?

शनिवारी ढोल वाजले. लोइसनं मानचिन्ह उचललं, जोथमची कबर ओलांडली आणि झुडपातल्या एका कलत्या दगडापाशी जाऊन ते रोवलं. मिसेस फेअरब्रदर हातातल्या भाषणाकडे बघत राहिल्या.

"माझा पूर्वज लढला नाही," लोइस म्हणाली. "तो घरी राहिला, म्हणून बाळाला बाप मिळाला, आणि म्हणून मी आहे. त्याच्या जागी गेला तो इथे पुरलेला ॲसाहेल टटल. आम्ही पेकांनी त्याचे आभार मानल्याचं कधी ऐकलं नाही. ते आज मानते."

अशा वेळी काय करायचं हे चौघा पेन्शनरांना कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी बार काढले. मेंढ्या बिथरल्या आणि कुंपणावरून थेट लोइसच्या परसात उतरल्या.

वेंडेलनं टोपी काढली. त्याला टक्कल आहे हे तिला आजच कळलं.

"आभार आमच्याकडूनही राहिलेत," तो म्हणाला. "ॲसाहेल लढाईवर असताना त्याच्या बायकापोरांना जोथमनं खाऊ घातलं. मेंढ्यासुद्धा त्यानंच सांभाळल्या."

"कुठे?"

"तुमच्या परसात."

लोइसचे डोळे भरून आले. कुंपणापलीकडे एक म्हातारी मेंढी तिचं लेट्यूस सावकाश चावत होती.

"मग खाऊ दे तिला," लोइस म्हणाली. "ती घरीच आली आहे."