साठचा बल्ब आणि इंदूमावशी

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परीक्षेच्या निबंधापलीकडे कधी काही लिहिलेलं नाही, तेव्हा हे धाडस करतोय त्याबद्दल माफ करा. पण शेजारच्या इंदूमावशींविषयी आमच्या कॉलनीत नुसतंच बोललं जातं, नीट कोणी सांगत नाही.

मावशी संध्याकाळी कोणाकडे गेल्या की पिशवीत रुमालात गुंडाळलेला साठ वॉटचा पिवळा बल्ब असायचा. दारातूनच म्हणायच्या, "आधी ती ट्यूब बंद करा बरं." मग स्टुलावर चढून त्या घरातला झिरोचा बल्ब काढायच्या, आपला लावायच्या आणि मगच चहा घ्यायच्या. निघताना बल्ब निवेपर्यंत थांबावं लागे. त्यामुळे "येते हं" म्हटल्यावरही त्या बराच वेळ बसलेल्या असत. हळूहळू लोकांनी बोलावणंच सोडलं.

मावशी घरी ब्लाउज शिवायच्या. पिवळ्या उजेडात जुळवलेला धागा घरी नेल्यावर कधी कधी वेगळाच दिसे. आमची आई एकदा भांडायला गेली.

"इंदू, हा धागा हिरवा हाय का निळा?"

"माझ्याकडे हिरवा होता. तुझ्या ट्यूबनं बिघडवला."

"लोकं ट्यूबखालीच बघणार ना गं!"

"उजेड असावा बाई, अंगावर येऊ नये," मावशी म्हणाल्या. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मे महिन्यातही त्या पूर्ण बाह्यांचं पोलकं घालायच्या आणि नळावर जाताना छत्री धरायच्या. ट्यूबखाली बसलं की गालांवर लाल चट्टे उठतात, अंग मोडून येतं, असं सांगायच्या. एका डॉक्टरांनी मलम दिलं. दुसऱ्यांनी मन रमवा म्हणून सांगितलं. कॉलनीनं दुसऱ्यांचं ऐकलं.

आम्ही सगळे लोडशेडिंगला शिव्या द्यायचो. मावशी मात्र लाइट गेली की पदर सावरून बाहेर पडायच्या. अंधारात ओट्याओट्यावर बसून कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाची सून माहेरी गेली, सगळं विचारून घ्यायच्या. इतक्या हसायच्या की त्या याच मावशी का, असं वाटे. लाइट आली की वाक्य अर्धं टाकून घराकडे पळायच्या. पोरं मागून ओरडायची, "मावशी, पुढं काय झालं?"

"उद्या लाइट गेली की सांगते!"

त्यांची एकुलती एक मुलगी रेखा. तिचं लग्न सिन्नरला झालं. हॉल ट्यूबलाइटनं पांढरा झगझगीत. मावशी थोडा वेळ आत बसल्या, मग बाहेर वऱ्हाडाच्या टेम्पोत जाऊन बसल्या. मुलीवर अक्षता पडल्या तेव्हा त्या टेम्पोतच होत्या. सासरचे म्हणाले, बाईच्या डोक्यात फरक आहे. रेखा त्यांना काही बोलली नाही. पण त्यानंतर आईशीही बोलली नाही. दिवाळीला येईल म्हणून मावशी फराळ करायच्या आणि भाऊबीज झाली की तो आमच्याकडे आणून द्यायच्या. "उरला," एवढंच म्हणायच्या.

गेल्या वर्षी चट्टे हातांवर उतरले. आई मला म्हणाली, "तू कॉलेजात जातोस, तू जा संगं." सरकारी दवाखान्यात कातडीच्या एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी खूप प्रश्न विचारले, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "मावशी, याला ल्युपस म्हणतात. उन्हानं वाढतो, काहींना ट्यूबच्या उजेडानंही त्रास होतो. तुम्ही साधा बल्ब वापरता ते बरोबरच आहे."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर म्हणाल्या ना रे?"

"हो."

"परत एकदा विचार."

मी विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी तेच पुन्हा सावकाश सांगितलं. मावशींनी रोगाचं नाव माझ्याकडून दोन-तीनदा म्हणवून घेतलं.

घरी न जाता त्या बाहेरच्या पीसीओवर गेल्या. सिन्नरचा नंबर पाठ होता. नमस्कार नाही, खुशाली नाही, मावशींनी एकदम रोगाचं नाव सांगितलं. मग ऊन, ट्यूब, डॉक्टर काय म्हणाल्या, सगळं एका दमात. पलीकडून रेखाचं बोलणं मलाही ऐकू आलं, ती रडत होती.

"आई, तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगतच होते गं," मावशी म्हणाल्या, "नाव मला आज कळलं."