वामनरावाच्या पोटातलं बाहेरचं

"आमच्या घरात बाहेरचं काही येत नाही!" वलगावचा वामनराव छातीवर हात मारून सांगायचा. ज्वारी घरची, तूप घरच्या म्हशीचं, पाणी घरच्या विहिरीचं! पोस्टमन धर्मपाल टपाल घेऊन आला की गोदाबाई आधी पत्रावर पाणी शिंपडायची, मग नवऱ्याच्या हातात द्यायची. जावयाची कितीतरी पत्रं शाई पसरून वाचायची राहिली, पण घर बाटलं नाही! धर्मपालच्या चहाची कानतुटकी कपबशी ओसरीच्या कोनाड्यात वेगळी. छप्पन साली धर्मपाल बौद्ध झाला. कपबशी मात्र होती तिथंच राहिली.

अशा सोवळ्या पोटाला एकसष्ट साली रोग लागला. वामनराव तुराटीसारखा वाळला. पंगतीतून, सभेतून, पुतणीच्या लग्नातल्या मंगलाष्टकांतूनसुद्धा तो टमरेल घेऊन पळू लागला!

अमरावतीच्या डॉक्टरने निदान केलं. "आतड्याला सूज आहे. क्रोन नावाच्या अमेरिकन डॉक्टरचा आजार."

"अमेरिकेचा रोग माह्या घरात शिरला कसा?"

डॉक्टरने कपाळाला हात लावला. म्हणाला, "आता दोनच वाटा. पोट फाडून आतडं कापायचं, पण या अंगाने तुम्ही टेबलावरून उठाल असं वाटत नाही. नाहीतर तिकडे आतड्याच्या दुसऱ्या एका दुखण्यावर नुकतंच करून पाहिलंय ते करू. निरोगी माणसाचा मैला पाण्यात कालवायचा, गाळायचा आणि एनिम्याच्या नळीने तुमच्या आतड्यात सोडायचा. हमी नाही."

वामनराव पांढरा पडला. मग सावरून म्हणाला, "चालते. पण मैला घरचाच पायजे!"

घरादाराचे नमुने आगपेट्यांत भरून पोरगा पंजाबराव एस.टी.त बसला. कंडक्टरने बिडीसाठी आगपेटी मागितली, तर त्याने खिसा असा आवळून धरला जणू आत हिरे आहेत!

तपासणीत सगळ्या आगपेट्यांत जंतच जंत! "तुमच्या विहिरीत गोठ्याचं पाणी झिरपतं," डॉक्टर म्हणाला. "जंतही घरचेच आहेत. गावात कधी आजारी न पडलेलं कोणी आहे का?"

"धर्मपाल!" पंजाबराव बोलून गेला. "त्याले साधी शिंक येत नाही!"

येणार कशी? गावाच्या विहिरीवर त्याच्या लोकांना चढू दिलं नाही, म्हणून सरकारने वस्तीत झाकणाची विहीर बांधून दिली होती. गावाने हाकललं आणि त्यांच्या वाट्याला चांगलं पाणी आलं!

वामनरावाने पोराकरवी निरोप धाडला. उत्तर आलं, "मेलं ढोर ओढायले असेच निरोप येत. निरोपावर आमी जात नाही आता. बापाले म्हणा, सोता या."

भरदुपारी वामनराव वस्तीत उभा राहिला. दारात धर्मपाल, त्याची बायको मैना, म्हातारी आई भागीरथा. भोवती सगळी वस्ती.

"धर्मपालजी..."

"ऐकलं का वं मैना?" भागीरथा म्हणाली. "धर्म्याचा जी झाला आज!"

"बोला, काय पायजे?" धर्मपाल म्हणाला.

"थे... तुमचं... सकायचं..."

"सकायचं टपाल तर देऊन आलो."

"टपाल नाही! थे... डॉक्टर म्हणते..."

"मोठ्यानं बोला. मायले कमी ऐकू येते."

तेवढ्यात पोटात गुडगुडलं. वामनराव धोतर सावरत गर्रकन वळला. पण टमरेल घरीच राहिलं होतं! मैनाने काही न विचारता भरलेला लोटा त्याच्या हातात दिला. तो बाभळींमागे पळाला. परत आला तेव्हा घशाला कोरड पडली होती. मैनाने दिलेलं पाणी तो उभ्या उभ्या घटाघटा प्यायला आणि एकदम ओरडला, "तुमचा मैला पायजे मले! नाहीतर मी मरतो!"



भागीरथा पुढे आली. "आमची सावली चालत नव्हती रे बापा तुले. हे चालीन?"

वामनरावाची मान खाली गेली. स्वतःच्या पायाची बोटं त्याने इतकी निरखून कधी पाहिली नव्हती.

धर्मपाल हसला नाही. "देतो," म्हणाला. "माणूस मरून राहिला तर आमी इटाळ पाहात नाही."

नमुना स्वच्छ निघाला. नळी लागली. काही महिन्यांत वामनराव पोटभर भाकर खाऊ लागला, अंगावर मांस आलं. "यानेच गुण आला की आपोआप, ते मी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाला. वामनरावानेही गावात कोणाला काही सांगितलं नाही.

एक दिवस धर्मपाल टपाल घेऊन आला. गोदाबाईने सवयीने दोन चहा आणले. नवऱ्याला चांगल्या कपात, त्याला कानतुटक्यात. वामनरावाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने झटकन कानतुटका आपल्याकडे ओढला आणि चांगला कप धर्मपालपुढे सरकवला.

धर्मपालने दोन्ही कप पाहिले. "राहू द्या. गोदाबाई, यांच्या पोटात जाऊन आलो मी, तरी माह्या कपाचा कोनाडा काही सुटला नाही!"

सायकलची घंटी वाजली. तो निघून गेला.

दोन्ही चहांवर साय धरली. गोदाबाईने दोन्ही कप उचलले. मग हळूच म्हणाली, "अहो, आता यातला कोणता कोनाड्यात ठेवू?"

वामनरावाने मान वर केली नाही.

"मले ठेव."