केसिंगमध्ये गेलेली पावलं

देवासच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला, त्या दिवशी मी सगळ्यांच्या देखत जाहीर करून टाकलं की यापुढे जगातला कुठलाही माणूस माझं ड्रॉइंग चुकीचं वाचू शकणार नाही. जगातला म्हणजे अक्षरशः जगातला. गोष्ट सत्त्याऐंशी सालची. तेव्हा प्रत्येक देशाच्या कॉम्प्युटरची ड्रॉइंग साठवून ठेवायची तऱ्हा वेगळी होती. जर्मनीची फाइल जपानला उघडायची नाही आणि जपानची आम्हाला. म्हणून एका आंतरराष्ट्रीय समितीने ठरवलं, की सगळ्यांची मिळून एकच तऱ्हा असावी. चाचणीसाठी पाच देशांतल्या कारखान्यांनी एकेक ड्रॉइंग पाठवायचं आणि बाकीच्या चौघांनी ते आपापल्या यंत्रावर काढून बघायचं. भारतातर्फे आमचा नंबर लागला, आणि आमच्यातर्फे माझा.

पुण्याहून आलेल्या बड्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "कृष्णाजी, चाचणी पास झाली तर मशीन देवासला राहील. नापास झाली तर मशीन पुण्याला जाईल आणि तुम्ही सरदारपूरला."

सरदारपूरला आमचा पंपविक्रीचा डेपो होता. तिथे ड्रॉइंग म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. आयुष्यभर पेन्सिल धरलेल्या माणसाने उरलेली वर्षं वॉशर मोजत काढायची, या विचाराने मी खिशातली पेन्सिल चाचपून पाहिली. तोंडाने मात्र मी म्हणालो, "साहेब, चिंताच सोडा."

मी पंपाचं केसिंग निवडलं. केसिंग म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच, शंखासारखं वळत जाणारं. त्या एका वळणावर मी अठरा महिने घालवले होते. शशिकला, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणायची की लग्नाची मुलगी बघतानासुद्धा तुम्ही इतका वेळ घेतला नव्हता. चैत्राच्या दुसऱ्या आठवड्यात फाइलची टेप चारही देशांना रवाना झाली आणि मी मिशीला पीळ देत बसलो.

आठ दिवसांनी जर्मनीचा टेलेक्स आला. मजकूर दोन ओळींचा होता. केसिंगची तपासणी चालू आहे. तोपर्यंत कृपया कळवावे, ही बाई कोण?

मी टेलेक्स उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. फाइल उघडली, पडदा इंच इंच शोधला. केसिंग होतं, मापं होती, कोपऱ्यात माझी सही होती. बाई नव्हती.

"जर्मन माणूस दुपारची घेत असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी जपानचा टेलेक्स आला. ते लोक काही घेत नाहीत अशी माझी समजूत होती. त्यांनी लिहिलं होतं, केसिंगच्या आत एक स्त्री बसलेली आहे. तिच्याजवळ साप आहे. लहान पावलं आत जाताना दिसतात. बाहेर येताना दिसत नाहीत.

बाहेर वैशाखाआधीच लूचा भाजणारा वारा सुटला होता, टेकडीकडून धुळीचे लोट येत होते, आणि कॉम्प्युटरच्या त्या एकुलत्या एक एअरकंडिशन्ड खोलीत मी थंडगार पडत चाललो होतो. आमचा कॉम्प्युटर-मेकॅनिक उमाशंकर दारात उभा होता. त्याने टेलेक्स वाचला आणि दाराबाहेरूनच बोलायला सुरुवात केली.

"कृष्णाजी भिया, ये शेड जहाँ खड़ा है ना, याँ पहले बावड़ी थी. कारखाना बना तब पटवा दी."

"विहीर होती, बुजवली. मग?"

"मग कुछ नी. मैं तो बस बता रिया हूँ."

मी त्याला दटावून आत घेतलं आणि म्हटलं, "चल, आपल्या प्लॉटरवर काढून बघू. कागदावर येईल ते खरं." प्लॉटर म्हणजे पेन धरून आपोआप ड्रॉइंग काढणारं मोठं टेबल. त्याने सरसर केसिंग काढलं. अगदी स्वच्छ. बाईचा पत्ता नाही. मी हुश्श केलं.

"भिया," उमाशंकर हळूच म्हणाला, "ये रुका नी."

खरंच थांबलं नव्हतं. पेन कागदापासून बोटभर वर उचललेलं होतं आणि ते हवेतच फिरत होतं. आधीही ते असंच फिरायचं. मी समजायचो, यंत्र आहे, काम झाल्यावर जरा हात मोकळे करत असेल. आज नीट पाहिलं. ते उगाच फिरत नव्हतं. थोडं पुढे जायचं, वळायचं, थबकायचं, पुन्हा पहिल्याच जागी यायचं. कुणीतरी अदृश्य हाताने अत्यंत काळजीपूर्वक काहीतरी काढत होतं आणि आम्हाला दिसू देत नव्हतं. अकरा मिनिटं हे चाललं.

"पुन्हा लाव," मी म्हणालो. "या वेळी पेन वर गेलं की बोटाने खाली दाब."

"मैं?"

"मग काय मी?"

शेवटी मीच दाबलं, कारण उमाशंकरने हात खिशात घातले ते काढेच ना. पेन माझ्या बोटाखाली थरथरलं आणि मला ओढत निघालं. मी दाबत होतो, ते नेईल तिकडे जात होतो. कागदावर आधी एक गोलसर रेघ आली. मग तिच्या टोकाला एक ठिपका, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. पाच बोटं. इवलंसं पाऊल. शेजारी दुसरं. दोन्ही केसिंगच्या तोंडातून आत निघालेली.

उमाशंकर कधी पळाला ते मला कळलं नाही. मी मात्र धीराने पुढचं सगळं दाबून काढलं. धीराने म्हणजे बोट सोडायची माझी हिंमत नव्हती. साप आला, कासव आलं, सूर्य आला, आणि अगदी मधोमध, डोक्यावर पदर घेतलेली ती बाई आली. तिला डोळे होते. ती माझ्याकडेच बघत होती.

कागदाची गुंडाळी करून मी भरउन्हात घरी आलो. पायात चपला होत्या की नव्हत्या, आठवत नाही. शशिकलाने दारातच अडवलं. मी काही न बोलता कागद उलगडून तिच्यापुढे धरला आणि डोळे मिटले.

"अहो, हे तर चैत्रांगण," ती म्हणाली.

"काय?"

"चैत्रगौरीची रांगोळी. चैत्रभर रोज काढते मी अंगणात. तुम्ही आत्ता चंद्रावर उभे आहात."

मी खाली पाहिलं. चंद्र होता. शेजारी सूर्य, साप, कासव, मधोमध गौर, आणि उंबऱ्याकडे निघालेली इवली पावलं. चैत्र लागल्यापासून मी रोज त्यांच्यावरूनच ऑफिसला जात होतो.

"कासव जरा तिरकं झालंय," शशिकला कागद न्याहाळत म्हणाली. "पण काढणारीचा हात चांगला आहे. कोण आहे?"

काढणारी एकच असू शकत होती. जुनी ड्रॉइंग्ज बोर्डवर ठेवून, एकेका ठिपक्यावर बटण दाबत कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचं काम आमच्याकडे कमल करायची. मागच्याच वर्षी लग्न होऊन जुन्या संस्थानी दरबारातल्या एका मराठी घराण्यात पडलेली मुलगी. सकाळी मी कागद तिच्यापुढे ठेवला तशी ती रडायलाच लागली.

"सॉरी सर. अक्कांनी, म्हणजे सासूबाईंनी, कागदावर काढून दिलं होतं. त्यांना सगळं बरोबर लागतं. माझी पूरी पढ़ाई हिंदीत झाली, माहेरी कुणी शिकवलं नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत इथे गिरवत होते. तुमची फाइल उघडीच असायची."

"मग पुसलं का नाहीस?"

तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच काही भलतं बोललो. "गौर बसलीय ना सर. अक्षय्य तृतीयेपर्यंत ती माहेरी असते. तिला मधेच कसं पुसणार? मी फक्त लपवून ठेवली."

लपवलेल्या रेघा आमच्या पडद्यावर दिसायच्या नाहीत, आणि प्लॉटरचं पेन त्या हवेतच गिरवायचं. परदेशी यंत्रांना हे लपवणं माहीतच नव्हतं. त्यांनी होतं ते सगळं दाखवलं.

उलगडा झाला, पण सुटका झाली नाही. त्याच दिवशी समितीचा टेलेक्स आला. फाइलमध्ये न कळवलेला मजकूर आहे, सोमवारपर्यंत स्वच्छ टेप रवाना करावी, अन्यथा नाव रद्द. अक्षय्य तृतीया त्यानंतरच्या शुक्रवारी होती. कमलला बाहेर पाठवून मी पुसायचं बटण दाबायला बसलो. सरदारपूर डोळ्यांपुढे आणलं, वॉशर आणले. समोर पडद्यावर कमलने उघडी केलेली गौर बसली होती. आपलीच लेक आठ दिवस विसाव्याला आलेली असावी आणि तिला म्हणावं, उठ, साहेबांचा फोन आलाय, तसं वाटलं मला. मला फार वाईट वाटलं, आणि माझं बोट काही खाली गेलं नाही.

मग मी माझ्या इंग्रजीत टेलेक्स केला. बाई आमच्या पाहुण्या आहेत. शुक्रवारी जातील. तोवर कृपया थांबावे.

उत्तर न येताच सोमवार उलटला. मी टेबलाचे खण रिकामे करून ठेवले. गुरुवारी उत्तर आलं, आणि नेमके बडे साहेब देवासला होते. त्यांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.

बाई चारही देशांत तंतोतंत सारखी आली आहे. ठिपक्याठिपक्यांनी काढल्यामुळे प्रत्येक यंत्राला समजली. केसिंग मात्र चार देशांत चार प्रकारचे आले असून जपानमध्ये त्याला तोंड नाही. त्यातील वळण कोणत्याही यंत्राला समजले नाही. समितीने बाईस अधिकृत नमुना म्हणून स्वीकारले आहे. देवास उत्तीर्ण. कृपया बाई ठेवा, केसिंग पुसा.

सरदारपूर टळलं. साहेबांनी कमलला पुढे बोलावून तिचं अभिनंदन केलं, उमाशंकरने सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या. मग साहेब माझ्याकडे वळले.

"कृष्णाजी, केसिंग पुसायला किती वेळ लागेल?"

"एक बटण आहे साहेब," मी म्हणालो.