राजेशमची तेलुगू

आमच्या सायंतारा ज्येष्ठ निवासात फी परवडत नसेल, तर ऑफिस माणसाची एखादी घरची गोष्ट जमा करून घेतं आणि तेवढी सवलत देतं. यात लपवाछपवी काही नाही. व्यवस्थापक खासनीसबाई प्रवेशाच्या दिवशीच नीट समजावतात. जमा झालेल्या गोष्टी माणसापाशी उरत नाहीत, सांस्कृतिक दालनातल्या कपाटात राहतात आणि पूर्ण फी भरणाऱ्यांना फुकट वापरायला मिळतात. सध्या तिथे मालवणच्या एका बाईंच्या हातची सुकटीची चव आहे, कुणाचं तरी भारूड म्हणणं आहे, आणि एका गृहस्थांच्या वऱ्हाडी शिव्या. शिव्यांना मागणी फार. मी पूर्ण फी भरतो. पाटबंधारे खात्याची पेन्शन आहे, म्हणून जमतं.

माझ्या शेजारच्या खोलीत सोलापूरचे राजेशम चिलवेरी आणि त्यांची बायको लक्ष्मीबाई राहतात. दोघांचा जन्म चादरीच्या मागावर गेला. बाहेर मराठी, घरात तेलुगू. यंदा फी वाढली आणि ऑफिसनं कळवलं की आहे त्या पैशात एकालाच राहता येईल, दुसऱ्यानं पुतण्याकडे जावं. राजेशम दुसऱ्याच दिवशी गेले आणि आपली तेलुगू जमा करून आले.

मी त्यांना म्हटलं, अहो, द्यायचीच होती तर शेंगाचटणीची आवड द्यायची. ते म्हणाले, "जेवण रोज लागतंय ओ साहेब. तेलुगू काय, हिच्याशीच बोलायला. आणि हिला मराठी येतंय की."

हिशेब चोख होता. मलाही त्यात खोट दिसली नाही, याची अजून चुटपुट लागते.

दिवाळीनंतर लक्ष्मीबाईंना झटका आला. हात वाचला, पाय वाचला, मराठी तेवढी गेली. डॉक्टर म्हणाले, होतं असं, उशिरा शिकलेलं आधी जातं. आता बाई बोलायच्या आणि राजेशम नुसते त्यांच्या तोंडाकडे बघायचे. पाणी हवंय की उठायचंय, एवढंसुद्धा कळेना. बघून जीव तुटायचा.

राजेशमना घेऊन मी ऑफिसात गेलो. खासनीसबाईंनी चहा मागवला. बाई वाईट नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की जमा गोष्ट परत नेली तर सवलत जाते, आणि सवलत गेली तर दोघांची खोली जाते. मग निदान घटकाभर वापरायला द्या, मी म्हटलं. तर ती सोय फक्त पूर्ण फीवाल्यांना.

"काका, काळजी कशाला करता?" त्या राजेशमना म्हणाल्या. "इथे कुणाचीच संस्कृती परकी नाही. सगळ्या कपाटात आहेत."

शेवटी ती तेलुगू मीच कपाटातून काढून घेतली, म्हटलं मधे बसून दोघांचं एकमेकांना सांगू. जिभेवर बसायला एक सकाळ गेली. राजेशमचीच ती, त्यामुळे त्यांच्या लकबींसकट आली. बोलण्याआधी जरा खाकरायचं, आणि बायकोशी बोलताना आवाज खाली आणायचा. मला बापड्याला हे काही ठाऊक नव्हतं.

दुपारी त्यांच्या खोलीत तिघं जेवायला बसलो. मी खाकरून लक्ष्मीबाईंना विचारलं, आमटी वाढू का?

बाईंचा घास हातातच राहिला. माझ्याकडे बघता बघता डोळे भरून आले, आणि मग त्यांनी मला जे झापायला सुरुवात केली! होता कुठे तुम्ही इतके दिवस? आणि हा परका म्हातारा कोण आणून ठेवलाय घरात? चांगला आहे हो, रात्रंदिवस करतो माझं, पण माझ्याशी एक शब्द बोलत नाही.

"काय म्हणतीय ओ ती?" राजेशमनी विचारलं.

मी क्षणभर ताटाकडे बघितलं. "तुम्ही नीट जेवता का, विचारतायत."

राजेशमचा चेहरा असा उजळला की मला वर बघवेना. "जेवतो म्हणावं. आधी तू जेव म्हणावं."

मी तसं सांगितलं. आवाज आपोआप खाली आला. लक्ष्मीबाई लाजल्या, आणि त्यांनी आपल्या ताटातला निम्मा भात उचलून माझ्या ताटात घातला.

तेव्हापासून दुपारचं जेवण मी त्यांच्याच खोलीत घेतो. आम्ही दोघं बोलत बसतो आणि राजेशम वाढतात.