दहा बोटांची हजेरी

साडेनऊला फोन आला आणि साहेबांना तीन नंबरच्या प्रेसची जाळी आठवली. कारखान्यांची तपासणी करणाऱ्या बाई अकरा वाजता येणार होत्या.

जाळी म्हणजे लोखंडी पिंजराच. डब्यांची झाकणं ठोकणाऱ्या त्या प्रेसवर ती बसवली की ती खाली आल्याशिवाय ठोका पडत नाही, आणि ती खाली असली की हात आत जात नाही. कायदा मागतो ते एवढंच. पण तिच्यापायी दिवसाकाठी शंभरेक झाकणं कमी पडायची. म्हणून साहेबांनी नऊ वर्षांपूर्वी ती काढून, तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून ऑफिसच्या कपाटात ठेवली होती. जाळी अगदी सुखरूप होती.

तीन नंबरवर ताई काम करायची. तिच्या आधी तिथे तिचा सख्खा दादा होता. पाच वर्षांपूर्वी त्या प्रेसने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं घेतली आणि तो फाटकावर आला. सुटताना सगळ्यांच्या पिशव्या तपासायचं काम त्याचं. ताईची पिशवी मात्र तो बघायचा नाही. ती दोन्ही पंजे पुढे धरायची, तो दहा मोजायचा आणि मग "जा" म्हणायचा. लोक हसायचे. तो हसायचा नाही.

"जाळी लाव," साहेब फिटरला म्हणाले.

फिटरला सगळे काका म्हणत. ते डोकं खाजवत उभे राहिले. "जाळी आहे साहेब. चार बोल्ट लागतात, ते नाहीत."

"कुठे गेले?"

"लागतील तसे वापरले."

"मग बाजारातून आण."

"या मापाचे बाजारात मिळत नाहीत. मशीनबरोबरच आले होते."

"मग जिथे लावलेत तिथून काढ. प्रत्येक गोष्ट मला विचारत बसू नकोस. अकराच्या आत जाळी बसली पाहिजे."

एवढं बोलून साहेब भिंतींना चुना मारून घ्यायला खाली गेले. आता वरिष्ठांनी इतकं स्पष्ट सांगितल्यावर माणसाने ऐकायचं नाही तर काय करायचं? काकांनी ऐकलं. एक बोल्ट 'सुरक्षितता प्रथम' या पाटीचा होता. तो काढताच पाटी एका कोपऱ्यावर लोंबायला लागली. दुसरा साहेबांच्या टेबलाच्या खणाचं कुलूप धरून होता. उरलेले दोन साहेबांच्या खुर्चीच्या बैठकीखाली होते. त्यासाठी खुर्ची उलटी करावी लागली आणि ती धरायला काकांनी दादाला बोलावलं. नंतर दोघांनी ती पायांवर अलगद टेकवून ठेवली. बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

जाळी बसली. ताईने दहा-बारा झाकणं ठोकून पाहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने ठोक्याला श्वास रोखला नाही.

"काका, ही राहू द्या ना."

"बाई जाईपर्यंत राहील की. नंतर मलाच खुर्ची जोडायची आहे. साहेब काय उभ्याने काम करणार?"

बाई पावणेअकरालाच आल्या. साहेब कोपरापर्यंत चुन्याने माखलेले, म्हणून दादाच त्यांना ऑफिसात घेऊन गेला. तिथे पाहुण्यांसाठी एक लाकडी खुर्ची होती, चांगली भक्कम. दादाने तिच्याकडे पाहिलं. मग रुमाल काढून साहेबांची खुर्ची पुसली.

"इथे बसा बाई. ही मऊ आहे."

बाई बसल्या. बैठक एकीकडे गेली, पाय दुसरीकडे गेले आणि बाई मधल्या मध्ये राहिल्या. पडता पडता त्यांनी खणाची मूठ धरली. खण सरळ बाहेर आला आणि त्यातलं अपघातांचं रजिस्टर त्यांच्या मांडीवर पडलं.

साहेब धावत आले, मागोमाग काकाही. बाईंचं उजवं मनगट सुजायला लागलं होतं. साहेबांनी घाईघाईने प्रथमोपचाराची पेटी उघडली. आत बुटांचं पॉलिश आणि ब्रश होता. त्यांनी ती तशीच बंद केली. बाईंचं तिकडे लक्ष होतं. जमिनीवर बसल्या बसल्याच त्या रजिस्टर वाचू लागल्या.

"घरी दारात अंगठा चेमटला. घरी जिन्यावरून पडला. घरी दारात दोन बोटं तुटली." त्यांनी पान उलटलं. "तुमच्या कामगारांची घरं फार धोक्याची दिसतात."

"हो ना," साहेब म्हणाले. "आम्ही नेहमी सांगत असतो त्यांना."

"दोन बोटं कुणाची?"

दादाने हात पुढे केला. पाच वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. "दार नव्हतं, बाई. तीन नंबरची प्रेस होती. तिच्यावर जाळी नव्हती."

"आणि या खुर्चीला काय झालं?"

साहेबांनी काकांकडे बघून डोळे मोठे केले. काकांना वाटलं, उत्तर द्यायला सांगतायत.

"तिचे बोल्ट आता जाळीला आहेत बाई," ते म्हणाले. "साहेबांनीच सांगितलं, अकराच्या आत बसव म्हणून."

बाईंनी पेन डाव्या हातात घेतलं आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत स्वतःचा अपघात नोंदवला. 'ठिकाण' या रकान्यात त्यांनी 'कारखाना' लिहिलं. नऊ वर्षांत त्या रकान्यात हा शब्द पहिल्यांदाच येत होता. त्याखाली हुकूम लिहिला: दोन बोटांची चौकशी नव्याने होईल. जाळीचे चारही बोल्ट कोणत्याही कारणासाठी काढू नयेत, आणि ते जागेवर असल्याची सही साहेबांनी रोज सकाळी प्रेसपाशी येऊन करावी.

साहेब त्या दिवसापासून स्टुलावर बसू लागले.

सहा वाजता ताई फाटकावर आली. "दादा, खुर्चीचं तुला माहीत होतं ना?"

"उलटी मीच धरली होती."

"बाईंना लागलं रे."

"लागलं," दादा म्हणाला. "मला वाईट वाटतंय गं. दुपारी जाऊन माफीही मागितली. पण मनगट बरं होतं."

मागे रांग खोळंबली होती, म्हणून ती पुढे झाली. रस्त्याच्या वळणावर पोचल्यावर तिला आठवलं की आज आपण हात दाखवलेच नाहीत. तिने वळून पाहिलं. दादा दुसऱ्या कुणाची तरी पिशवी तपासत होता. मोजायचं त्याच्याही लक्षात राहिलं नव्हतं.