आडवी काडी

शुनदे सुतार सकाळीच वानमेईकाकीच्या चुलीपाशी बुटक्या स्टुलावर येऊन बसला. आज झाड घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं तो घरी बायकोला सांगून आला होता.

गेल्या वर्षी पुराने गावचा पूल नेला. शुनदेच्या हातचा नवा पूल होत आला होता, फक्त मधली मोठी तुळई राहिली होती. तेवढं लांब आणि सरळ फरचं झाड गावात एकच होतं, काकीच्या घरामागे. काकीने ते स्वतःच्या शवपेटीसाठी राखलं होतं. वडीलधारी मंडळी तीनदा मागायला येऊन गेली. काकीने तिन्ही वेळा तेलचहा केला, म्हणजे चहाची पानं तेलात परतून उकळलेला, वर दाणे-भात घालून खायचा चहा. चहा चालू असताना कामाचं बोलायचं नसतं. पाहुण्याने दाणे-भात खायला दिलेली एकुलती काडी वाडग्यावर आडवी ठेवली, की पुरे झालं. तिसऱ्या वाडग्यानंतर मंडळींनी काड्या ठेवल्या की काकी भांडी उचलायची आणि म्हणायची, "सावकाश जा, पायऱ्या ओल्या आहेत." की मंडळी रस्त्यावर.

शुनदेने ठरवलं होतं, काडी ठेवायचीच नाही. कढई संपली की म्हातारीला बसावंच लागेल. मग बोलू.

"घे रे," काकीने पहिला वाडगा दिला. वर शेंगदाणे, फुलवलेला भात, कांद्याची पात. "तुझ्या बायकोच्या हाताला ही चव नाही."

"ती बिचारी अजून शिकतेय, काकी."

"पंचवीस वर्षं?"

तिसरा वाडगा झाला, चौथा झाला. पाचव्याला शुनदेच्या पोटाने कमरपट्ट्याशी भांडण काढलं आणि त्याचा निर्धार डळमळला. उद्या येऊ, असं मनाशी म्हणत तो काडी आडवी ठेवायला गेला. बोटं तेलकट होती. काडी निसटली, जमिनीवर पडली आणि फळ्यांमधल्या फटीतून सरळ घराखालच्या डुकरांच्या गोठ्यात गेली.

ही फळ्यांची जमीन एकोणीस वर्षांपूर्वी शुनदेनेच घातली होती. घाईत ओलं लाकूड वापरलं होतं, ते वाळून आकसलं. आता काडी पडली म्हणावं, तर काकी गावभर सांगणार, की ज्याच्या जमिनीतून काडी पडते, त्याच्या पुलावरून माणसं पडतील. नुसतं तोंडाने पुरे म्हणावं, तर ती विचारणार, काडी कुठेय?

"अजून?" काकीने पळी उचलली.

"द्या की," शुनदे म्हणाला. त्याला स्वतःचा राग आला.

सहाव्या वाडग्यानंतर काकी लाकडं आणायला खाली गेली. वर येऊन तिने चूल पेटती केली आणि पुन्हा वाडगा भरला. शुनदे काडीशिवाय, तोंड लावून भुरके मारत होता. काकीने ते पाहिलं आणि पळी पुन्हा कढईत बुडवली. आठव्याला शेंगदाणे संपले. नवव्याला फुलवलेला भात संपला. अकराव्याला कढईचा तळ खरवडला गेला आणि काकी हाशहुश करत समोर बसली. पाहुणा पुरे म्हणायच्या आत तिच्या घरचा चहा आजवर कधी संपला नव्हता.

"बोल, काय हवंय?"

शुनदेने तोंड उघडलं, तर आधी उचकी आली. "झाड," तो कसाबसा म्हणाला.

काकीने कंबरेच्या फडक्यातून काडी काढून त्याच्यापुढे धरली. ती धुतलेली होती.

"तुम्हाला कधी सापडली?"

"लाकडं आणायला गेले तेव्हा. डुकरीण चघळत होती."

"मग पाच वाडगे कशाला पाजलेत, काकी?" शुनदे रडकुंडीला आला होता.

"म्हटलं, आता सांगशील, मग सांगशील. तू पोट फुटेस्तोवर प्यालास, पण एका फटीबद्दल बोलला नाहीस." काकी पदोपदी त्याला टोमणे मारणारी बाई, पण आत्ता तिचा आवाज मऊ झाला. "वाईट कामाची एवढी लाज वाटणाऱ्याच्या पुलावरून मी जाईन. ने झाड. शेंडा माझा, त्याची पेटी तूच करायचीस. आणि तीत फट सोडलीस, तर तिथून उठून तुझ्या घरी येईन. चहाला."

शुनदेने दोन्ही हातांनी काडी घेतली आणि वाडग्यावर अगदी मधोमध आडवी ठेवली.

तेवढ्यात शेजारीण कढई घेऊन जिना चढून आली. "काकी, खाली आलात तेव्हा म्हणालात ना, चहा कमी पडेल? हा घ्या. हे कोण, शुनदेभाऊ? माझ्या हातचे तीन तरी वाडगे घ्यायलाच हवेत."

काकीने वाडग्यावरची काडी उचलली आणि शुनदेच्या हातात दिली.

"घट्ट धर," ती म्हणाली.